घटक ४ : संस्थेची कार्यसंस्कृती आणि मूल्यनिवेदनाची भाषा

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास पुढील गोष्टी करता येतील :

• कार्यसंस्कृती या संकल्पनेचे स्वरूप सांगता येईल.
• घोषित मूल्य आणि आचरित मूल्य यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• मूल्यनिवेदनातील सर्वनामे, प्रयोग, काळ व रूपके यांची भाषिक चिकित्सा करता येईल.
• मूल्यवाचक इंग्रजी शब्दांना मराठी पर्याय निवडताना येणाऱ्या अडचणी ओळखता येतील.
• एखाद्या संस्थेसाठी मूल्यनिवेदनाचा मसुदा तयार करता येईल आणि त्याच्या संप्रेषणाची योजना सुचवता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण कार्यालयीन पत्रव्यवहार, परिपत्रक आणि इतिवृत्त या लेखनप्रकारांचा अभ्यास केला. परिपत्रक एखादी विशिष्ट सूचना देते आणि इतिवृत्त घडून गेलेल्या सभेची नोंद ठेवते. या घटकात आपण ज्या लेखनप्रकाराचा विचार करणार आहोत, तो यांहून वेगळा आहे. ‘आम्ही कोण आहोत, काय योग्य मानतो आणि एकमेकांशी कसे वागतो’ हे संस्था ज्या मजकुरातून सांगते, त्याला मूल्यनिवेदन म्हणतात. कारखान्याच्या प्रवेशद्वाराजवळील फलक, नव्या कर्मचाऱ्याच्या हाती पडणारी पुस्तिका, सहकारी बँकेच्या वार्षिक अहवालाचे पहिले पान, रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षातील चौकट अशा अनेक ठिकाणी आपण तो वाचलेला असतो. बहुधा वाचून विसरलेलाही असतो.

तो विसरला का जातो, हा भाषेच्या अभ्यासकाने विचारावा असा प्रश्न आहे. व्यवस्थापनशास्त्र याचे उत्तर नेतृत्व आणि धोरण यांत शोधते. आपण ते वाक्यरचनेत आणि शब्दनिवडीत शोधणार आहोत. मराठी विषय घेऊन पदवीधर झालेल्या व्यक्तीकडे असे मजकूर भाषांतरासाठी, संस्करणासाठी किंवा नव्याने लिहिण्यासाठी येतात. त्या मजकुरावर विसंबून कोणी तरी तक्रार करावी की नाही, धोकादायक यंत्र थांबवावे की नाही, हे ठरवत असते. म्हणून हे लेखन शोभेचे नाही, जबाबदारीचे आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ कार्यसंस्कृती म्हणजे काय?

एखाद्या संस्थेत काम करणाऱ्यांनी अनुभवातून आत्मसात केलेल्या, नवागतांना कळत-नकळत शिकवलेल्या आणि सहसा प्रश्न न विचारता पाळल्या जाणाऱ्या वर्तनरीतींचा व समजुतींचा समुच्चय म्हणजे त्या संस्थेची कार्यसंस्कृती होय. अमेरिकन अभ्यासक एडगर शाइन यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात संस्थेच्या संस्कृतीचे तीन स्तर मांडले. पहिला स्तर दृश्य खुणांचा : गणवेश, बैठकव्यवस्था, फलक, संबोधने, समारंभ. दुसरा स्तर घोषित मूल्यांचा : संस्था स्वतःविषयी जे सांगते ते. तिसरा स्तर अंतर्निहित गृहीतकांचा : जे कोणी सांगत नाही, पण सर्वांना ठाऊक असते. यांपैकी तिसरा स्तर सर्वांत प्रभावी आणि सर्वांत अबोल असतो, असे शाइन यांचे प्रतिपादन आहे.

हे तीन स्तर आपल्या परिचयाच्या कार्यालयात पाहू. अधिकाऱ्यांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हटले जाते, शिपायाला ‘मामा’ आणि सफाई करणाऱ्या स्त्रीला ‘मावशी’. ही दृश्य, किंबहुना श्राव्य, खूण झाली. भिंतीवर ‘येथे सर्वांना समान सन्मान मिळतो’ असा फलक आहे. ते घोषित मूल्य झाले. परंतु ‘मावशीं’चे नाव कार्यालयातील निम्म्या लोकांना माहीत नसते, त्यांचा चहाचा कप वेगळा असतो आणि सभेत त्यांना कोणी काही विचारत नाही. हे अंतर्निहित गृहीतक झाले. ‘मावशी’ या संबोधनात जिव्हाळा नाही, असे नाही. मात्र नातेवाचक शब्दातील जिव्हाळा आणि व्यक्तीला पदाने व नावाने ओळखण्यातला सन्मान या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकीने दुसरी झाकली जाते, हे अभ्यासकाच्या लक्षात यावयास हवे.

लिखित मूल्यनिवेदनाशिवायही कार्यसंस्कृती बळकट असू शकते. मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था १८९० पासून चालत आलेली आहे. डबेवाले प्रामुख्याने मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगाव, राजगुरुनगर या भागांतून आलेले. डोक्यावर पांढरी टोपी, डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरे आणि आकडे यांच्या खुणा, गटाचा प्रमुख म्हणून मुकादम. डबा वेळेवर पोचलाच पाहिजे, हे मूल्य त्यांना फलकावरून शिकावे लागत नाही. नवा माणूस जुन्या माणसाबरोबर फिरून ते शिकतो. एक गाव, एक बोली, एक उपासनापरंपरा असा सामाईक आधार तेथे आधीपासून असतो. ज्या संस्थेत वेगवेगळ्या प्रांतांतील, भाषांतील व जातिधर्मांतील माणसे एकत्र येतात, तेथे हा आधार नसतो. तेथे जे गृहीत धरता येत नाही, ते शब्दांत मांडावे लागते. मूल्यनिवेदनाची गरज येथून निर्माण होते.

४.२.२ घोषित मूल्य आणि आचरित मूल्य

संस्था जे सांगते ते घोषित मूल्य; अडचणीच्या प्रसंगी ती ज्यानुसार निर्णय घेते ते आचरित मूल्य. या दोहोंचा संबंध समजण्यासाठी तीन उदाहरणे अभ्यासू.

(अ) एन्रॉन. ही अमेरिकन ऊर्जा कंपनी रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित झाली. आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही तिची चार घोषित मूल्ये होती. हिशेबांतील मोठे गैरप्रकार उघडकीस आल्यानंतर डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. चारही शब्द निर्दोष होते. परंतु त्यांपैकी एकही शब्द कोणत्याही कृतीला बांधलेला नव्हता. ‘सचोटी’ म्हणजे कर्ज ताळेबंदात दाखवणे, असे कोठेही म्हटलेले नव्हते.

(आ) जॉन्सन अँड जॉन्सन. रॉबर्ट वुड जॉन्सन यांनी १९४३ साली या कंपनीसाठी एक लहानसे निवेदन लिहिले. त्याचे वैशिष्ट्य त्यातील क्रमात आहे. कंपनीची पहिली जबाबदारी तिची उत्पादने वापरणाऱ्यांप्रति, दुसरी कर्मचाऱ्यांप्रति, त्यानंतर समाजाप्रति आणि शेवटची भागधारकांप्रति, असे त्यात सांगितले आहे. १९८२ साली शिकागो परिसरात कोणी तरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळले आणि सात व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. नुकसान मोठे होते. परंतु भागधारक शेवटी, हे आधीच लिहिलेले होते. मात्र एकदा उपयोगी पडलेले निवेदन पुढील काळाची हमी देत नाही. याच कंपनीवर पुढे टाल्कयुक्त पावडरीसंबंधी हजारो दावे दाखल झाले. कंपनीने आरोप नाकारले, तरी त्या प्रत्येक वेळी तोच मजकूर पुन्हा कसोटीला लागला.

(इ) टाटा स्टील. जमशेदपूर येथील या कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा कामाचा दिवस, १९१५ मध्ये मोफत वैद्यकीय मदत, १९२० मध्ये भविष्यनिर्वाह निधी व भरपगारी रजा आणि १९२८ मध्ये प्रसूतिलाभ लागू झाले. देशभरातील आस्थापनांसाठी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ साली आणि प्रसूतिलाभाचा १९६१ साली झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयांचे मोल कळते. तरीही १९२० आणि १९२८ साली याच कारखान्यात मोठे संप झाले. सुविधा देणे आणि कामगाराचे म्हणणे ऐकणे ही दोन स्वतंत्र मूल्ये आहेत. एकाच्या अस्तित्वावरून दुसरे गृहीत धरता येत नाही.

या तीन उदाहरणांवरून एक निष्कर्ष काढता येतो : मूल्य हे नाव नसून निवड असते. जेथे दोन चांगल्या गोष्टींपैकी एकच हाती लागणार असते, तेथे संस्था काय सोडते, यावरून तिचे मूल्य ठरते. म्हणून मूल्यनिवेदन वाचताना किंवा लिहिताना ‘यासाठी संस्था काय गमावण्यास तयार आहे?’ हा प्रश्न प्रथम विचारावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
योग्य पर्यायाने रिकाम्या जागा भरा.
(१) सभेत शिपायाला मत न विचारणे हे संस्कृतीच्या ............ स्तराचे उदाहरण आहे. (दृश्य खुणा / घोषित मूल्य / अंतर्निहित गृहीतक)
(२) जॉन्सन अँड जॉन्सनच्या निवेदनाचे वैशिष्ट्य त्यातील जबाबदाऱ्यांच्या ............ आहे. (संख्येत / क्रमात / अलंकारांत)

४.२.३ मूल्यनिवेदनाची भाषिक चिकित्सा

ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांची भाषिक कृतीची संकल्पना १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करतात, तर काही वाक्ये उच्चारणे हीच एक कृती असते, असे त्यांनी दाखवले. ‘पाऊस पडत आहे’ हे वर्णन झाले; ‘मी वचन देतो’ ही कृती झाली. मूल्यनिवेदन वर्णनाचा पोशाख घालते, पण कार्य वचनाचे करते. वर्णन खोटे ठरले तर ती चूक असते. वचन मोडले तर तो विश्वासभंग असतो. हे सूत्र मनात ठेवून पुढील पाच घटकांकडे पाहू.

(१) नाम की क्रियापद? ‘उत्कृष्टता’, ‘पारदर्शकता’, ‘ग्राहककेंद्रितता’ ही भाववाचक नामे आहेत. भाववाचक नामाला कर्ता नसतो, काळ नसतो आणि कर्म नसते. पारदर्शकता कोणी, कधी, कशाबाबत पाळायची, हे ते नाम सांगत नाही. ‘आम्ही प्रत्येक पदोन्नतीचे निकष अर्ज मागवण्यापूर्वी फलकावर लावतो’ या वाक्यात क्रियापद येताच कर्ता, कर्म आणि काळ तिन्ही हजर होतात.
टोयोटा कंपनीच्या कारखान्यांतील रीत या दृष्टीने बोलकी आहे. जुळणीच्या साखळीवर दोष दिसला, तर काम करणारा कोणीही दोरी ओढून इशारा देऊ शकतो. दोष वेळेत दूर झाला नाही, तर ती साखळी थांबते. ‘गुणवत्ता’ हे नाम तेथे ‘दोरी ओढणे’ या क्रियापदात उतरलेले आहे.

(२) ‘आम्ही’ की ‘आपण’? मराठी या बाबतीत विशेष समृद्ध आहे. इंग्रजीत किंवा हिंदीत प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी एकच सर्वनाम पुरते. मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते आणि ‘आपण’ त्याला सामावून घेते. हा भेद गुजरातीत आणि द्राविडी भाषांतही आढळतो. मूल्यनिवेदनात ‘आम्ही कर्मचाऱ्यांचा आदर करतो’ असे लिहिले, की ‘आम्ही’ म्हणजे व्यवस्थापन आणि कर्मचारी म्हणजे पलीकडचे, अशी सीमारेषा आपोआप आखली जाते. ‘आपण एकमेकांचा आदर करतो’ असे लिहिले, की ती पुसली जाते. पण सर्वत्र ‘आपण’ वापरणे हाही उपाय नव्हे. ‘आपण सर्वांनी खर्चात काटकसर करू’ असे म्हणून निर्णय काहींनी घ्यायचा आणि झळ इतरांनी सोसायची, असे घडू शकते. जबाबदारी व्यवस्थापनाची असेल तेथे स्पष्टपणे ‘आम्ही’ आणि ती खरोखर सर्वांची असेल तेथे ‘आपण’, हा विवेक ठेवावा.
शिवाय ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषी सर्वनामही आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ च्या संदर्भात वापरले जाणारे ‘आपली सेवा आमचे कर्तव्य’ हे ब्रीद पाहा. येथे ‘आपली’ म्हणजे नागरिकाची आणि ‘आमचे’ म्हणजे शासकीय कर्मचाऱ्यांचे. ऋण कोणाचे आणि देणे कोणाला, हे दोन सर्वनामांनी नेमके सांगितले आहे.

(३) प्रयोग. ‘तक्रारींची दखल घेतली जाईल’ या वाक्यात दखल घेणारा कोण? ‘जा’ धातूच्या साहाय्याने होणाऱ्या अशा कर्मणी रचनेत कर्त्याचा उल्लेख टाळता येतो आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्णच राहते. कार्यालयीन मराठीला ही रचना प्रिय आहे, कारण ती नम्र आणि तटस्थ वाटते. परंतु मूल्यनिवेदनात कर्ता लपला की उत्तरदायित्वही लपते. ‘मनुष्यबळ अधिकारी तक्रारीला सात दिवसांत लेखी उत्तर देतील’ हे वाक्य अधिक साधे आहे आणि अधिक बांधील आहे.

(४) काळ आणि अर्थ. ‘उत्तर देतो’ हा रीतिवर्तमान प्रचलित सवयीचा दावा करतो. ‘उत्तर देऊ’ हा भविष्यकाळ वचन देतो. ‘उत्तर द्यावे’ हा विध्यर्थ दुसऱ्यावर कर्तव्य टाकतो. जी गोष्ट संस्थेत अद्याप घडत नाही, तिच्यासाठी ‘देतो’ लिहिणे म्हणजे पहिल्याच दिवशी वाचकाच्या मनात अविश्वास पेरणे होय. तेथे भविष्यकाळ प्रामाणिक ठरतो.
याच ओघात लिंगाचाही विचार करावा. ‘प्रत्येक कर्मचारी आपले मत मांडू शकतो’ या वाक्यातील क्रियापद पुल्लिंगी आहे. ‘प्रत्येकाला’ म्हटले तरी रूप पुल्लिंगीच राहते. ‘सर्वांना आपले मत मांडता येते’ अशी रचना केली, तर कोणीही वगळले जात नाही आणि भाषाही नैसर्गिक राहते.

(५) रूपक. ‘आपण सारे एक कुटुंब आहोत’ हे मूल्यनिवेदनातील सर्वाधिक लोकप्रिय रूपक आहे. मराठी माणसाला ते भावते. आजारपणात, लग्नकार्यात सहकारी धावून येतात, हा त्यामागील खरा अनुभव आहे. पण रूपक आपल्यासोबत इतरही अर्थ आणते. कुटुंबात वडीलधाऱ्यांना उलट उत्तर देत नाहीत, घरातील गोष्ट बाहेर सांगत नाहीत, कामाचे तास मोजत नाहीत. नोकरीत मात्र तास मोजले जातात, पगारपत्रक असते आणि मंदीच्या काळात माणसे कमी केली जातात. ज्याला कालपर्यंत कुटुंबीय म्हटले, त्याला आज निरोपाचे पत्र मिळाले, तर त्याला नोकरी जाण्याबरोबर फसवणुकीचेही दुःख होते. म्हणून रूपक निवडताना ते संकटाच्या दिवशीही उच्चारता येईल का, हे तपासावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
पुढील वाक्यांतील दोष ओळखून ती पुन्हा लिहा.
(१) सुरक्षिततेस सर्वोच्च प्राधान्य दिले जाईल.
(२) आम्ही कर्मचाऱ्यांना निर्णयप्रक्रियेत सहभागी करून घेतो. (प्रत्यक्षात अशी पद्धत अद्याप सुरू झालेली नाही.)

४.२.४ भाषांतराचा प्रश्न

अनेक कंपन्यांची मूल्यनिवेदने प्रथम इंग्रजीत तयार होतात आणि नंतर मराठीत आणली जातात. या वेळी शब्दकोशातील पहिला अर्थ घेणे धोक्याचे ठरते. ‘ओनरशिप’ या शब्दासाठी ‘मालकी’ वापरून ‘प्रत्येकाने कामाची मालकी घ्यावी’ असे लिहिले, तर कामगाराला ते विनोदी किंवा बोचरेही वाटेल, कारण कारखान्याचा मालक कोण हे त्याला पक्के ठाऊक असते. येथे अभिप्रेत असते ते ‘हाती घेतलेले काम शेवटपर्यंत नेणे’. ‘इंटेग्रिटी’ला ‘सत्यनिष्ठा’, ‘सचोटी’ आणि ‘प्रामाणिकपणा’ असे तीन पर्याय आहेत. ‘सत्यनिष्ठा’ शपथेच्या भाषेतील, ‘सचोटी’ व्यापारव्यवहारातील आणि ‘प्रामाणिकपणा’ रोजच्या बोलण्यातील. मजकूर कोणी वाचायचा आहे, यावर निवड अवलंबून राहील. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ आणि ‘अकाउंटेबिलिटी’ या दोहोंना आपण बोलताना ‘जबाबदारी’ म्हणतो. पण काम सोपवलेले असणे ही जबाबदारी, तर त्याचा जाब देण्यास बांधील असणे हे उत्तरदायित्व. ‘जाब’ हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. ‘चुकीचा जाब वरिष्ठही देतील’ असे लिहिले तर वाचकाला अर्थ क्षणात कळतो.

उलट ‘कॅन्टीन’, ‘शिफ्ट’, ‘सुपरवायझर’, ‘ओव्हरटाइम’ हे शब्द कामगारांच्या बोलण्यात मुरलेले आहेत. त्यांच्या जागी अपरिचित संस्कृत शब्द योजल्याने भाषा शुद्ध होत नाही. ती दूर जाते. भाषांतरकाराने मूळ मजकुरातील शब्द मोजू नयेत. मूळ मजकूर कोणती कृती अपेक्षितो ते शोधावे आणि ती कृती मराठीत सांगावी.

ब्रीदवाक्याचा विचार थोडा वेगळा आहे. ते संक्षिप्त असते आणि त्यात क्रियापद नसले तरी चालते. आपल्या विद्यापीठाचे ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घ्या. दोनच शब्द, परंतु ‘घरोघरी’ या अभ्यस्त शब्दात शिक्षण विद्यार्थ्याकडे जाणार, विद्यार्थ्याला शिक्षणाकडे यावे लागणार नाही, हे संपूर्ण धोरण सामावले आहे. ब्रीद दिशा दाखवते. मूल्यनिवेदनाने त्या दिशेतील पावले सांगायची असतात.

४.२.५ मसुदालेखन : एक नमुना

पुणे परिसरातील वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आपण कल्पू. त्याच्या फलकावरील मजकूर असा आहे :

‘उत्कृष्टता, नवोन्मेष, सचोटी व ग्राहककेंद्रितता या मूल्यांप्रति आम्ही कटिबद्ध आहोत. सुरक्षिततेस सर्वोच्च प्राधान्य दिले जाईल. आपण सारे एक कुटुंब आहोत.’

या मजकुरातून कारखान्याचे नाव काढून रुग्णालयाचे किंवा विमा कंपनीचे नाव घातले, तरी तो तसाच लागू पडतो. जो मजकूर कोणालाही लागू पडतो, तो कोणाविषयीच काही सांगत नाही. पुनर्लेखनापूर्वी पुढील पायऱ्या घ्याव्यात.

पहिली पायरी : ऐकणे. वेगवेगळ्या विभागांतील आणि पाळ्यांतील लोकांना, कंत्राटी कामगारांसह, ‘येथे कशाचे कौतुक होते?’, ‘येथे कशाची शिक्षा होते?’ आणि ‘नव्या माणसाला तुम्ही पहिल्या दिवशी कोणता कानमंत्र देता?’ असे प्रश्न विचारावेत. ‘सुपरवायझरच्या नजरेत येऊ नकोस’ असा कानमंत्र मिळाला, तर संस्थेचे आचरित मूल्य हाती आलेच म्हणून समजावे.

दुसरी पायरी : निवडणे. तीन ते पाचच मूल्ये घ्यावीत. प्रत्येकाला दोन कसोट्या लावाव्यात. विरुद्ध पर्याय कोणा शहाण्या संस्थेने निवडला असता का? आणि याची किंमत आपण कशात मोजणार? ‘आम्ही अप्रामाणिक नाही’ हे पहिल्या कसोटीवर टिकत नाही, कारण ‘आम्ही अप्रामाणिक आहोत’ असे कोणीच म्हणणार नाही. ‘आम्ही वेगापेक्षा अचूकतेला पुढे ठेवतो’ हे टिकते, कारण वेगाला पुढे ठेवणाऱ्या संस्थाही असतात.

तिसरी पायरी : लिहिणे. वरील मजकुराचे पुनर्लेखन असे होऊ शकेल :

१. यंत्र धोकादायक वाटल्यास ते थांबवण्याचा अधिकार त्यावर काम करणाऱ्या सर्वांना आहे. त्यामुळे उत्पादन कमी झाले, तरी व्यवस्थापन कोणाचाही पगार किंवा बोनस कापणार नाही.
२. सदोष माल पाठवण्यापेक्षा आपण उशीर पत्करतो आणि उशीर होणार असल्याचे ग्राहकाला आधी कळवतो.
३. सुरक्षेची साधने, पिण्याचे पाणी आणि कॅन्टीन कायम व कंत्राटी कामगारांसाठी एकच असेल.
४. लेखी तक्रारीला मनुष्यबळ अधिकारी सात दिवसांत लेखी उत्तर देतील. उत्तर न मिळाल्यास थेट कारखाना व्यवस्थापकांना भेटता येईल.

आता हा मजकूर दुसऱ्या संस्थेच्या भिंतीवर जसाच्या तसा लावता येणार नाही. शिवाय प्रत्येक वाक्य पाळले गेले की नाही, हे कामगाराला स्वतः पडताळता येते. मसुदा मंजुरीसाठी गेला, म्हणजे व्यवस्थापन यातील एखादे वाक्य ‘थोडे सौम्य’ करण्यास सुचवील. त्या वेळी लेखकाने एवढेच विचारावे, की हे वचन द्यायचे आहे की नाही? द्यायचे नसेल, तर ते वाक्य गाळणे अधिक उचित. सौम्य केलेले वचन वाचणाऱ्याला पूर्ण वचनच वाटते आणि त्यावर विसंबून तो यंत्र थांबवतो.

४.२.६ मूल्यांचे संप्रेषण

मजकूर तयार झाला म्हणजे संप्रेषण झाले, असे नाही. संप्रेषणाची तीन अंगे लक्षात घ्यावीत.

पहिले अंग भाषा आणि स्थान यांचे. औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ ने स्थायी आदेशांचा मजकूर इंग्रजीत तसेच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावण्याचे बंधन मालकावर घातले होते. समजेल अशी भाषा आणि दिसेल अशी जागा हा कायद्याने मान्य केलेला कामगाराचा हक्क आहे, हे तत्त्व यातून दिसते. १९९७ च्या विशाखा निकालातून पुढे आलेल्या आणि २०१३ साली संमत झालेल्या, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमातही छळाचे दंडनीय परिणाम आणि अंतर्गत समितीच्या नियुक्तीचा आदेश ठळक जागी लावणे बंधनकारक केले आहे. हा फलक केवळ इंग्रजीत असेल किंवा फक्त संचालकांच्या दालनाबाहेर असेल, तर रात्रपाळीला पॅकिंग विभागात काम करणाऱ्या तरुणीपर्यंत तो पोचलेला नसतो. ‘महिलांचा सन्मान’ हे मूल्य तिच्यासाठी समितीचे सदस्य कोण आणि त्यांना कोठे भेटायचे, या दोन ओळींत असते.

दुसरे अंग सातत्याचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर बनवणाऱ्या या वसाहतीतून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे गृहपत्र सुरू केले. कारखान्याचे मुखपत्र म्हणून जन्मलेले हे नियतकालिक पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने महाराष्ट्रभर वाचले गेले. त्याच परिवारात १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. उद्योगशीलता, विज्ञाननिष्ठा आणि सामाजिक सुधारणा ही मूल्ये या नियतकालिकांनी लेख, कथा, चित्रे यांतून महिन्यामागून महिना मांडली. आजच्या संस्थेत गृहपत्राची जागा मोबाइलवरील गटाने किंवा मासिक सभेने घेतली असेल. पण प्रत्यक्ष घडलेली गोष्ट नावानिशी सांगणे, हे तंत्र तेच आहे. ‘गेल्या महिन्यात दाबयंत्र थांबवले, पाळी वाया गेली आणि तरी बोनस पूर्ण मिळाला’ ही एक हकिगत दहा फलकांपेक्षा अधिक सांगते.

तिसरे अंग परतीच्या मार्गाचे. संप्रेषण हे दुहेरी असते. ज्या मूल्यनिवेदनाला प्रश्न विचारता येत नाही, ते आज्ञापत्र होते. म्हणून मजकुराच्या शेवटी, यातील एखादी गोष्ट पाळली जात नसेल तर कोणाला सांगावे, हे पदनामासह लिहिणे आवश्यक आहे आणि वर्षातून एकदा मजकुराचे सर्वांसमक्ष वाचन व पुनर्विचार व्हावा.

४.३ सारांश

कार्यसंस्कृती दृश्य खुणा, घोषित मूल्ये आणि अंतर्निहित गृहीतके अशा तीन स्तरांवर वावरते. घोषित मूल्याची परीक्षा अडचणीच्या निर्णयात होते. मूल्यनिवेदन हे वर्णनाच्या रूपातील वचन आहे. म्हणून त्यात भाववाचक नामांऐवजी क्रियापदे, लपलेल्या कर्त्याऐवजी स्पष्ट कर्ता, ‘आम्ही’ व ‘आपण’ यांचा विवेकपूर्ण वापर, खरा काळ आणि जपून निवडलेले रूपक असावे. भाषांतर शब्दाचे नव्हे, तर अपेक्षित कृतीचे करावे. संप्रेषणात समजणारी भाषा, दिसणारी जागा, सातत्य आणि परतीचा मार्ग ही चार पथ्ये पाळावीत.

४.४ पारिभाषिक शब्द

मूल्यनिवेदन : संस्थेची मूल्ये व अपेक्षित वर्तन सांगणारा लिखित मजकूर.
अंतर्निहित गृहीतक : न सांगता सर्वांनी मान्य केलेली समजूत.
भाषिक कृती : उच्चारण्यातूनच घडणारी कृती, उदा. वचन, आज्ञा, क्षमायाचना.
उत्तरदायित्व : केलेल्या किंवा न केलेल्या कामाचा जाब देण्याचे बंधन.
गृहपत्र : संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी व हितसंबंधीयांसाठी चालवलेले नियतकालिक.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) अंतर्निहित गृहीतक (२) क्रमात.

प्रश्न २ : (१) कर्ता लपलेला आहे आणि कृती सांगितलेली नाही. सुधारित : ‘हेल्मेट व हातमोजे दिल्याखेरीज सुपरवायझर कोणालाही यंत्रावर पाठवणार नाहीत.’ (२) न घडणाऱ्या गोष्टीसाठी रीतिवर्तमान वापरला आहे. सुधारित : ‘शिफ्टच्या वेळा बदलण्यापूर्वी आम्ही त्या शिफ्टमधील कर्मचाऱ्यांची सभा घेऊ.’ आपले उत्तर याहून वेगळे असू शकेल. मात्र त्यात कर्ता, कृती आणि पडताळता येईल असा तपशील असावा.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) घोषित मूल्य व आचरित मूल्य यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
(२) ‘मराठीतील आम्ही–आपण हा भेद मूल्यनिवेदनाच्या लेखकाला उपकारक ठरतो.’ या विधानाची चर्चा करा.
(३) आपल्या परिसरातील बँक, पतसंस्था, रुग्णालय किंवा कारखाना यांपैकी एकाच्या फलकावरील मजकूर उतरवून घ्या आणि ४.२.३ मधील पाच घटकांच्या आधारे त्याची चिकित्सा करा.
(४) आपण ज्या ठिकाणी नोकरी, व्यवसाय किंवा शिक्षण करता, तेथील तीन व्यक्तींना ‘नव्या माणसाला कोणता कानमंत्र द्याल?’ हा प्रश्न विचारा. मिळालेल्या उत्तरांवरून चार वाक्यांचे मूल्यनिवेदन तयार करा आणि ते त्या तिघांना वाचून दाखवा. त्यांपैकी कोणी हसले, तर कोणत्या शब्दावर हसले याची नोंद ठेवा. दुसरा मसुदा तेथूनच सुरू करावा.